जस्त शोधणारं माझं मॉलिक्यूल

३ तारीख, सकाळ
संकल्प: या महिन्यात पीएचडीचा सोक्षमोक्ष लावायचाच. सातवं वर्ष. मुदतवाढ तीसला संपते, पुन्हा मिळणार नाही असं गाइड मॅडमनी बजावलंय. मागतंय कोण? माझं मॉलिक्यूल तयार आहे. जिवंत पेशीत शिरायचं, जस्ताचे आयन भेटले की हिरवं चमकायचं. एवढंच तर काम.

७ तारीख
चमकलं! मायक्रोस्कोपखाली अख्खी डिश हिरवीगार. बायकोला लगेच फोन. तिने विचारलं, मागच्या वेळेसारखं नाही ना? मूड घालवायची कला तिने माहेरून आणलीय.

८ तारीख
शेजारच्या टेबलावरची तांबेवाली डोकावून गेली. ती पेशींतलं तांबं शोधते. पाच वर्षांत दोन पेपर, कुणाची तरी मर्जी असणार. म्हणे, पेशी गोल झाल्यात, जिवंत आहेत का बघ. निळा रंग टाक, मेलेल्या असतील तर निळ्या होतील, दहा मिनिटांचं काम.
सल्ला मागितला होता कुणी? माझ्या पेशी गोल आहेत, कारण खाऊनपिऊन सुखी आहेत.

१२ तारीख, दुपारी ३
निळा रंग टाकणार होतो. वेळच नाही. सेमिनारच्या स्लाइड्स. फोटोत हिरवा किंचित वाढवला. म्हणजे मला दिसतो तेवढाच.

१९ तारीख
सासरेबुवांना सांगून टाकलं, महिनाअखेर डॉक्टर. ते म्हणाले, लग्नातही हेच ऐकलं होतं.

२४ तारीख
सेमिनार. मॅडमनी दुसऱ्याच स्लाइडला थांबवलं. जस्त न घातलेल्या पेशींचा फोटो कुठाय? उद्या देतो म्हटलं. मागे कुणीतरी हसलं.

२५ तारीख
जस्ताशिवाय: हिरवंगार. निळा रंग: झाडून सगळ्या निळ्या. तीनदा केलं. माझं मॉलिक्यूल आधी पेशीला मारतं, मग चमकतं. तीन वर्षं मी मढ्यांचे फोटो काढत होतो. रडू आलं. डोळ्यात केमिकल गेलं म्हणून सांगितलं. तांबेवालीने खरं मानून डोळे धुवायला लावले.

३० तारीख
मॅडमनी प्रबंधावर सही केली नाही. आवाजही चढवला नाही, त्याचंच वाईट वाटलं. टेबल रिकामं केलं.
तांबेवालीने माझ्या मॉलिक्यूलची उरलेली बाटली मागितली. मेलेल्या पेशी ओळखायला झकास आहे म्हणे. पेपरात आभार मानणार आहे. उपकार केल्यासारखी दिली.
घरी सांगितलं, मॉलिक्यूल शेवटी चाललं. कशासाठी, ते बायकोने विचारलं नाही. उद्या किती वाजता उठवू, एवढंच विचारलं.
नेहमीसारखं, साडेसहाला, असं म्हटलं.