वाटेत हाय

सोम. १० नोव्हें.
दिवसभर शाळेच्या ऑफिसात नोटिसा. मोठ्या बाई 'पालकांना'वरचा अनुस्वार नेहमी खातात, मी मुकाट्याने देते. घरी आले तर संगी ओट्यावर फाटकं जाळं शिवत बसलेली. जाऊबाईंना सातवा लागलाय, पण ऐकेल तर ती संगी कसली. गणेश (दीर) पहाटे बोटीवर गेला, चार-पाच दिवस तरी येत नाही. जाताना त्याला सांगून ठेवलंय म्हणे, "मासली नको, कैरी आन." नोव्हेंबरात. तीही समुद्रातून.

शुक्र. १४
घडलं तसं लिहून काढते.
सकाळपासून वारं सुटलेलं. बोटी परत फिरल्या असं ऑफिसात कळलं. संगीला फोन लावला, उचलेना. आईंचा (सासूबाईंचा) फोन घरीच, त्या बाजारात मासळी घेऊन बसलेल्या. म्हणून बंदराच्या ग्रुपवर लिहिलं – आमची बोट आली नाय
विचारलं होतं मी. आली नाय? असं. तोंडाने बोलले असते तर शेवटी आवाज वर गेला असता, लहान पोरालाही कळलं असतं. ते चिन्ह कीबोर्डच्या दुसऱ्या पानावर, घाईत राहिलं. दुसऱ्यांचे अनुस्वार शोधणारी मी.
मग हात जोडलेली चित्रं येऊ लागली. "देवा सांभाळ." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि घाबरून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. ते तर आगीत तेल. घरच्यांना नक्की काहीतरी कळलंय, म्हणूनच पुसलं, असं झालं.
मी पुसायच्या आधीच संगीने वाचलं आणि धक्क्यावर धावत सुटली. मासळीच्या लिलावाच्या जागेवर पाणी असतंच. घसरली.
बोट वाऱ्यामुळे अर्नाळ्याला लावली होती. सगळे सुखरूप. हे कळलं तेव्हा संगी हॉस्पिटलात पोचली होती. रक्त जातंय.

शनि. १५
रक्त थांबलं. डॉक्टर म्हणतात, हलू द्यायचं नाही, कळा सुरू झाल्या तर इलाज नाही, बाळ फार लहान आहे. म. (नवरा) रात्रभर तिथेच होता. मला म्हणाला, तू घरी थांब. का ते विचारलं नाही.
आई सकाळी चहा घेऊन समोर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"बोट आली नाय, असं आमच्यात कोन बोलत नाय. कितीबी उशीर होऊ दे. वाटेत हाय बोलायचं."
मी म्हटलं, आई, मला माहीत नव्हतं.
"तुला कोन सांगनार? सांगायची गोष्ट हाय काय ती." मग कप उचलता उचलता, "माजा भाऊस माज्या लगनाआधी दर्यात गेला. अजून वाटेतच हाय."
माहेरी उमेळ्याला आमच्या वाडीत कोणी समुद्रावर गेलंच नाही. केळी उशिरा आली तर उशिरा आली म्हणतात. इथे लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मासे साफ करायला शिकले, हे नाही शिकले.

रवि. १६
संगीला भेटले. माझाच हात धरून म्हणते, "वैनी, चूक माजीच. तुला फोन करायला पायजे होता." असं बोलली की जास्तच भीती वाटते. पोट चाचपत होती. "हलतंय गो. हात लाव." नाही लावला. धीरच झाला नाही.
गणेश दाराशी उभा होता. मी आत गेले तसा बाहेर गेला.
बाळाला काही झालं तर या घरात कुठल्या तोंडाने राहू? म.ला विचारलं. तो म्हणाला, झोप.

सोम. १७
ग्रुपवर सगळे विचारतायत, संगी कशी हाय. 'बरी आहे' लिहिलं, पुसलं. 'ठीक' लिहिलं, पुसलं. एका शब्दाचे किती अर्थ लावतील याचा आता नेम नाही. शेवटी फोन पालथा घातला. शाळेत पालकसभेची नोटीस टाईप करायची होती, ती शिपाईमामांना वर्गावर्गात तोंडी सांगायला लावली. मोठ्या बाई बघतच राहिल्या.

मंगळ. १८
दुपारी म.चा फोन. कळा सुरू झाल्या, आत नेलंय. एवढंच, आणि कट. नंतर त्याचा लागेना. आईंचा वाजून वाजून बंद. पर्स उचलून निघालेच, तेवढ्यात मेसेज. गणेशचा. शुक्रवारपासून पहिलाच.
बाळ वाटेत हाय
खाली काही नाही. पूर्णविरामही नाही.
वाटेत म्हणजे येतंय? की आईंच्या भावासारखं?
तीनदा वाचलं. उत्तर टाईप करायला घेतलं आणि सोडून दिलं. आता लिहून काही विचारायचं नाही. त्याच्यासमोर उभी राहीन, त्याच्या तोंडून ऐकेन, आवाज वर जातो की खाली ते कळेल.
अक्षर हलतंय, रिक्षात आहे. हॉस्पिटलची पाटी दिसायला लागली. रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, दादा, जरा हळू घ्या.