शनिवारचं अस्वल

प्रिय खारूताई,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, अस्वलं विकायला काढलीस का, आणि मी दर वेळी आवाज नीट येत नाही म्हणून विषय बदलते. आवाज चांगला खणखणीत येत असतो. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तू रडायला लागलीस की मला पुढे बोलता येत नाही. म्हणून आज जेवणाच्या टेबलावरची अस्वलं एका कडेला सरकवली, कागदापुरती जागा केली आणि लिहायला बसले. बाबा गॅलरीत ऊन खात बसलेत, त्यामुळे निवांत आहे.

अस्वलांनी घर व्यापलंय, हे तुझं म्हणणं मला मान्यच आहे. दारात छत्र्या सांभाळणारं लाकडी अस्वल आहे, त्याचं डोकं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून तुळतुळीत झालंय. शेपूट दाबली की जबड्यात अक्रोड फोडणारं आहे. मुंडकं उघडलं की दौत निघते ते पितळी आहे, आणि किल्ली दिली की ढोल बडवणारं पत्र्याचं, त्याचा एक हात हल्ली हवेतच फिरतो. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, खूळ आहे, उतरेल. लोकांचे नवरे पत्ते कुटतात, माझा अस्वलं आणतो, त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. अस्वलंच का, असं कोणी विचारलं तर ते सांगायचे की वाघसिंहांचे लाड करायला सगळं जग आहे, अस्वलाला कोण विचारतं? आणि त्यांची ती घ्यायची पद्धत तर तुला ठाऊकच आहे. वस्तू हातात आली की आधी उलटी करायची आणि तळ बघायचा. तोंड कोणीही रंगवून देतं, खरं काय ते तळाशी कळतं, असं त्यांचं ठाम मत. तू झालीस तेव्हा नर्सने तुला त्यांच्या हातात दिलं, तर यांनी आधी तुझे तळपाय पाहिले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, अस्सल आहे.

मागच्या खेपेला तू आलीस, तेव्हा दारातच हसून विचारलंस, ओळखा बघू मी कोण. तुझं काही चुकलं नाही. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो. तुझे काकासुद्धा खुर्ची ओढून समोर बसतात आणि परीक्षा घेतात. पण बाबांनी तुला मीटर बघायला आलेली बाई समजून कोपऱ्यातला डबा दाखवला, आणि तुझा चेहरा उतरलेला पाहून ते इतके घाबरले की आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. त्यानंतर फोन करतेस, माझी चौकशी करतेस, औषधं पाठवतेस, पण येण्याचं नाव काढत नाहीस. मी तुला दोष देत नाही गं. मलाही त्या दिवशी फार वाईट वाटलं, तुझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

तर अस्वलं. तुझं ऐकून मी खरंच विकायला काढली होती. जुन्या वस्तूंचे आपले ते दुकानदार आठवतात ना, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर, ज्यांना तू दोन चष्मेवाले म्हणायचीस? त्यांच्याकडे आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, बाबा झोपलेले असताना, ती पितळी दौत नेऊन दिली. सुरुवात म्हणून एकच नेली. शनिवारी नेहमीसारखं बाबांना फिरायला म्हणून त्या दुकानात घेऊन गेले, आणि गल्ल्याशेजारी दौत मांडून ठेवलेली. बाबा तिथेच थबकले. दौत उचलली, उलटी केली, तळ पाहिला, नखाने टिचकी मारली, आणि असे हरखले म्हणून सांगू! गेली कित्येक वर्षं मी अशीच एक शोधतोय, म्हणाले. अहो, ही आपलीच, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. चष्मेवाल्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि भाव करायला घेतला. बाबांनी घासाघीस केली, जिंकले, आणि बसमध्ये घरी येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

तेव्हापासून हेच चाललंय. मी घरातलं एखादं अस्वल गुपचूप दुकानात पोचवते आणि शनिवारी बाबा ते शोधून काढतात. त्यांनी दिलेले पैसे चष्मेवाले बांधाबांध करताना माझ्या पिशवीत सरकवतात, आणि चेहऱ्यावर असा भाव की ताकास तूर लागू देणार नाहीत. एकदा मी छत्र्यांचं ते धूड रिक्षात घालून नेलं, तर रिक्षावाल्याने विचारलं, यांचं वेगळं भाडं धरू का? तू म्हणशील, आई, ही फसवणूक आहे. असेल. पण घरी ते दिवसभर काहीतरी हरवल्यासारखे वावरतात आणि त्या दुकानात त्यांना हवं असलेलं काहीतरी सापडतं. मला इतकं पुरतं.

आता जे सांगणार आहे ते वाचण्याआधी बसून घे. मागच्या महिन्यात मी दुकानात स्टुलावर टेकले होते. बाबा कपाटं बघत बघत माझ्यापाशी आले आणि अदबीने म्हणाले, तुम्हीही अस्वलं जमवता का? त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. पण तोंडातून निघालं, हो, थोडीफार. मग ते शेजारी बसले. किती सुरेख बोलले, खारूताई! अक्रोडवाल्याचा जबडा कसा कोरलाय, पत्र्याच्या खेळण्यात स्प्रिंग कुठे असते, सगळं सांगितलं. अडखळले नाहीत, घाबरले नाहीत. शेवटी हातातलं अस्वल मला देऊ केलं, म्हणाले, तुम्हीच न्या, मी आणखी एक घरी नेलं तर बायको रागावेल. मी हसले आणि मला रडूही आलं. घरी येऊन विचार करत बसले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात येणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडून ओळखीची वाट बघत उभा असतो. आपण ओळखायला हवं होतं, एवढं त्यांना बरोबर कळतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती बसते. दुकानात कोणी कोणाला ओळखायचं नसतं.

म्हणून हे पत्र. तू ये, पण आधी घरी येऊ नकोस. शनिवारी सकाळी सरळ दुकानात ये. चष्मेवाल्यांना मी सांगून ठेवलंय. मी स्टुलावर असेन, मला ओळख दाखवू नकोस. नोकरीसाठी घर सोडताना तू ते पांढरं चिनी मातीचं अस्वल घेऊन गेली होतीस, ते तेवढं बरोबर आण. लहानपणी तुझ्या हातून पडून त्याचा कान तुटला, तू असं भोकाड पसरलंस की बाबांनी घाईघाईत कान मागची बाजू पुढे करून चिकटवला, आणि नंतर नीट करायला गेले तर तू हात लावू दिला नाहीस. ते हातात धरून कपाटापाशी नुसती उभी राहा. बाबा आपणहून येतील. विचारतील, जरा बघू का? त्यांच्या हातात दे. आधी उलटं करून तळ बघतील. मग कान दिसेल, कपाळाला आठ्या घालतील आणि म्हणतील, कोणत्या अडाण्याने हा कान उलटा लावला? तेव्हा रडू नकोस, माझे आई. हसून सांग, माझ्या बाबांनी.

तुझीच,
आई