नावासाठी ठेवलेले सात सेकंद

३ नोव्हेंबर २००५
पोचलो एकदाचे! मी, आई, दोन बॅगा आणि सब्जाची कुंडी, जी आईने अथेन्सपासून मांडीवरून खाली ठेवली नाही. उन्हाळ्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली आणि जिने चढू नका म्हणून बजावलं. ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या मानी भागातल्या या घराला अर्थातच अकरा पायऱ्या आहेत. पुढच्या खोलीत गावच्या मंडळाचं ऑफिस, मागे आम्ही दोघी.

काम माझ्या आवडीचं. इथल्या बायका मयताजवळ बसून जे विलाप गातात, त्यांच्या जुन्या कॅसेट सीडीवर आणायच्या. आवाज कॉम्प्युटरवर घेतला की मी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते आणि प्रोग्रॅम मांडणीची फाईल लिहून देतो: कोणतं गाणं कितव्या मिनिटाला, शीर्षक काय, मध्ये शांतता किती. त्या फाईलबरहुकूम सीडी बर्न होते. आई म्हणाली, एवढं शिकून शेवटी पाटीवरच लिहायचं होतं, तर शाळेतून काढलं कशाला तुला!

५ नोव्हेंबर
गारुफालिया मावशी लालांगिया घेऊन आल्या, तळलेल्या पिठाची गरमागरम वेटोळी. कॅसेटवरचे नऊही विलाप त्यांच्याच आवाजातले, वीस वर्षांपूर्वीचे. प्रत्येकाच्या मध्यावर सात सेकंद नुसती शांतता आहे. मला वाटलं, टेप खराब. त्या हसल्या. म्हणाल्या, अगं वेडे, तिथं मेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी घरात कुणी मेलं नव्हतं, म्हणून जागा रिकामी ठेवली. रिकामी दिसली की विलाप आल्या वाटेनं परत जातो. तिला हात लावू नकोस हो, पोरी.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आई तीच चाल गुणगुणायला लागली. कानावर पडेल ते उचलायची तिची जुनी खोड. मावशींनी उठून तिच्या हातावर चमचाच मारला. घरात मयत नसताना हे गायचं नाही! आई नंतर कितीतरी वेळ हसत होती, की माझ्याच चुलीपुढे मला मार.

९ नोव्हेंबर
सगळी बेरीज ऐंशी मिनिटं चाळीस सेकंद. सीडीत मावतात ऐंशी. वैताग नुसता! गाणं कापायला जीव होईना. प्रोग्रॅममध्ये शांतता काढून टाकायची सोय आहे, ओळीच्या शेवटी एक शब्द जोडायचा की झालं. जोडला. नऊ साती त्रेसष्ट सेकंद गेले आणि सगळं चपखल बसलं. मावशी काय घड्याळ घेऊन ऐकायला बसणार आहेत?

१० नोव्हेंबर
मी शीर्षकं साधी दिली होती, विलाप एक, विलाप दोन. सकाळी फाईल उघडली तर पहिल्यापुढे लिहिलंय ‘स्ट्रातिस’. स्ट्रातिस म्हणजे आमचा बेकरीवाला, आईसाठी करपलेल्या कडांचा पाव बाजूला ठेवणारा. मंडळातल्या कुणाची तरी थट्टा असेल म्हणून गाणं लावलं. शांतता जिथे कापली होती, तिथे मावशींचा तरुण आवाज स्पष्ट म्हणतो, स्ट्रातिस.

दुपारी चर्चची घंटा वाजली. ऑलिव्ह उतरवताना स्ट्रातिस शिडीवरून पडला. जागच्या जागी गेला.

१२ नोव्हेंबर
दुसऱ्यापुढे ‘गारुफालिया’. माझा विश्वासच बसेना, म्हणून लावून ऐकलं. का ऐकलं मी! स्वतःच्या आवाजात स्वतःचंच नाव.

धावत गेले. मावशी अंगणात खुर्चीवर, मांडीवर ऑलिव्हची टोपली. चेहरा पांढराफटक. एवढंच विचारलं, किती कापलंस? मी म्हटलं, सगळं. म्हणाल्या, मग ते विलाप आता आपापलं माणूस शोधतील. नाव लिहिलं गेलं की माणूस झुरतं, गायलं गेलं की जातं. पुढचं वाजवू नकोस, पोरी. जागा परत मोकळी कर.

तासाभराने घंटा वाजली.

१३ नोव्हेंबर
सात सेकंद परत घातले. प्रोग्रॅम म्हणतो, ऐंशी मिनिटांच्या वर जातंय, मावत नाही. चार गाणी काढून टाकली. तरी तेच उत्तर. एकच गाणं ठेवलं. तेच.

मूळ कॅसेट लावायची हिंमत नाही. आवाज बंद ठेवून टेपरेकॉर्डरवरचा आवाजाची पातळी दाखवणारा काटा नुसता पाहिला. मध्यावर तो खाली येतच नाही. तिथलीही शांतता गेली.

१४ नोव्हेंबर, सकाळ
तिसऱ्यापुढे ‘मेरोपी’.

आईचं नाव. माझ्या आईचं.

ती उठलेली नाही. ओठ निळे, हात गार. डॉक्टरांना फोन केला, निघालेत म्हणे, पोचायला संध्याकाळ होईल— मी वाजवलेलं नाही. वाजवणार नाही.

दुपार
पुसलं. परत आलं. पुन्हा पुसलं— परत. ती जागा रिकामी राहतच नाही.

मग भरू दे. दुसऱ्या कुणाचं लिहू? कुणाचं लिहू मी?

लिहिलं. आर्गिरो. माझंच.

प्रोग्रॅमने पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

चार वाजता
आई उठली! गालांवर रंग आलाय. भूक लागली म्हणते, आणि कुंडीला पाणी घातलं नाही म्हणून मला शिव्या. मी टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडले. मला पश्चात्ताप नाही. बोटं गार पडलीत, पायांत जोर नाही, पण गाणं वाजल्याशिवाय काही होत नाही. स्पीकरची वायर उपटून टाकली आहे. आता हे कुणी गाणार—

स्वयंपाकघरातून— आई—

गुणगुणतेय. आठवडाभर भिंतीतून ऐकलेलं. तिसरं.

हाक मारली. घशातून आवाज निघत नाही. उठता येत नाही.

आता शब्दही म्हणतेय, मावशींच्या आवाजात— मध्य जवळ आला— थांबत नाहीये— आई गं, तिथं थांब, माझं नाव नको घे—