कालव्याअलीकडचा मतदारसंघ

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत, माझं फ्रेमचं दुकान बरं चाललंय, आणि आईचं नंतर लिहिते. आधी बातमी ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल! आपल्या मतदारसंघाचं प्रदर्शन भरलंय! हो, जो रद्द झाला, त्याचंच!

भरवलंय कोणी? पडेलकाकांनी! दर निवडणुकीला उभे राहून दर वेळी पडलेले, तुझ्याकडूनही दोनदा आपटलेले आपले औषधवाले. दुकानावरच्या खोलीत त्यांनी पहिल्या निवडणुकीपासूनची पत्रकं, जुनी मतपेटी, सगळ्या आमदारांचे फोटो मांडलेत. "जिंकलेले निघून जातात गं, इतिहास सांभाळायला पडलेलाच उरतो," म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. फ्रेमा सगळ्या माझ्या. तुझा फोटो अगदी दारासमोर, खाली 'शेवटच्या आमदार'.

खरं सांगू, तो टांगायला मी सगळ्यात शेवटी घेतला. आपलाच मतदारसंघ मोडायच्या विधेयकाला तू हात वर केलास, तेव्हा भर चौकात लोक तुला घरभेदी म्हणाले. ते तू हसून सोसलंस. घरात जे ऐकलंस ते नाही सोसवलं, म्हणून गेलीस. तेव्हापासून तू पत्रात आईचा विषय काढत नाहीस, मीही टाळते.

काल तिला घेऊन गेले. "त्या कार्टीचा फोटो मी बघणार नाही," हे जिनाभर चालू होतं. वर जाऊन ती खरंच फोटोकडे पाठ करून उभी राहिली. समोर नेमका नकाशा! आपला एवढासा तुकडा, आणि कालव्यापलीकडची कारखान्यांची अफाट वस्ती.

"एवढ्या लोकांचे आमदार किती?" तिने विचारलं.

"एकच," काका म्हणाले.

"आणि आपले?"

"आपलाही एकच. त्यांच्या दहा मतांएवढं आपलं एक मत, वहिनी. फुकटची चैन होती. मलाही कळत होतं, पण बोलायची छाती नव्हती. तुमच्या मुलीला होती."

आई माझ्यावरच खेकसली, "हे मला तेव्हा का नाही सांगितलं कुणी?"

"ताई घसा फोडून सांगत होती. तू ऐकत कुठे होतीस?" मीही ऐकवलं. तशी ती तरातरा जिना उतरून एकटीच घरी निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

आणि ताई, आज सकाळी बघते तर माझ्याआधी ती तिथे हजर! तुझ्या फोटोखाली उभी, आणि येईल त्याला सांगतेय, "ही माझी मुलगी. खरं बोलली, म्हणून मी हिला घराबाहेर काढलं."

काकांनी खुर्ची दिली, तर बसत नाही. म्हणते, ती आल्यावर बसेन. प्रदर्शन महिनाभर आहे, पण तिचे गुडघे तेवढे टिकायचे नाहीत.

मिळेल त्या गाडीने निघ.

आईची आणि तुझी,
धाकटी