सीटखालची सुपारी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

चार. तीनदा मोजल्या. डब्यात पाच असतात, आज चारच परत आल्या!

माईंनी — सासूबाईंनी — लग्नाच्या वर्षी केळव्याच्या वाडीतल्या सुपाऱ्या निवडून दिल्या होत्या. दर दसऱ्याला वर्कशॉपच्या पूजेत त्याच मांडते, पुसून पुन्हा डब्यात. देवाला दरवर्षी नवी सुपारी लागते असं कुठे लिहिलंय? आज एक हत्यारांच्या पेटीवर, एक बॅटरीच्या चार्जरवर, एक वह्यांवर, एक तसबिरीपुढे. पाचवी त्या लाल गाडीत.

यांनी बजावलं होतं. "हार बाहेरून घाल. आत पाय ठेवू नकोस. भावेशशेटची गाडी आहे ती, आपला टेम्पो नव्हे." दोन दारांची, जमिनीला टेकलेली, शर्यतीत पळवायची गाडी. कॅमेरा बसवायला आली होती. आमच्या कारागीर मंगळ्याने सीटखालून वायर नेऊन काल काम संपवलं. शेट उद्या नेणार. पण दसऱ्याला आपल्या दारात उभी असलेली गाडी बिनपूजेची ठेवायची?

हे फाफडा-जिलेबी आणायला नाक्यावर गेले आणि मी दार उघडलं. स्टिअरिंगला कुंकू लावायचं म्हणून. खरं लिहायचं तर — बसून बघायचं होतं! पन्नाशीला आले, असल्या सीटवर कधी बसणार? बसले. पाठीला कोणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं वाटलं. पान-सुपारी शेजारी ठेवली होती, उतरताना ती घसरली. पान उचललं. सुपारी दिसली नाही. तेवढ्यात यांच्या स्कूटरचा आवाज. दार लोटून बाहेर आले.

गेली तर गेली. एक सुपारी ती काय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गाडी परत दारात.

भावेशशेट सकाळी घेऊन गेले ते कुंभवलीच्या वळणावरूनच फिरले. त्या सीटला दोन बटणं आहेत. एक दाबलं की सीट आपोआप शेटच्या मापाला जाते, दोन दाबलं की त्यांच्या बाईंच्या. मेमरी म्हणतात. आज शेटनी एक दाबलं. सीट मागे जाता जाता मध्येच अडली, कुरकुरली, आणि उलटी पुढे आली. पोट स्टिअरिंगला!

"अरे बळवंतभाई, ये सीट तो मुझे खा जायेगी! दिया था तब बराबर थी!"

हे जेवताना सांगत होते. मी पोळी लाटत राहिले. पोळीचा नकाशा झाला.

मला लगेच कळलं. दहावी झालेय मी, एवढं कळतं. सरकत्या पट्टीत काहीतरी अडकलंय, आणि काय अडकलंय तेही मला माहीत आहे.

सांगणार होते. पण मागच्या वर्षीचं आठवलं. यांच्या नव्या स्कॅनरला हळद-कुंकू वाहिलं होतं, ते स्क्रीनच्या फटीत गेलं. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "देवाला पण कंटाळा आला असेल हिचा." सगळे हसले. मंगळ्या तेवढा हसला नाही. ब्रश घेऊन बसला आणि कण न् कण काढून दिला.

उद्या सांगेन.

४ ऑक्टोबर, शनिवार

नाही सांगितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

फ्यूज बदलला. बटणं खोलून पुसली. सीटखालचे सगळे जोड मंगळ्याने एकेक हलवून पाहिले. बॅटरीची वायर काढून ठेवली की गाडी सगळं विसरते म्हणे. मग तिला पुन्हा शिकवलं — हे शेटचं माप, हे बाईंचं. दोनदा नीट चालली. मी मनात म्हटलं, सुटले! तिसऱ्यांदा पुन्हा कुरकुर.

"कधी चालते, कधी नाही," हे म्हणाले. "पूर्ण मेलेलं सापडतं. हे असलं सापडत नाही."

सुपारी गोल. कधी वाटेत येत असेल, कधी बाजूला जात असेल. त्यांना हे सुचणार कसं? मला सुचतंय, आणि मी भाजी निवडतेय.

पूर्ण सीट काढली तर एका मिनिटात दिसेल. पण खाली ती पिवळी वायर आहे, अपघातात फुगा उघडतो त्याची. शेटनी ताकीद दिलीय — सीट उतरवायची नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

दूध आटवलं. माईंचा फोन. "सुपाऱ्या आठवणीने डब्यात टाकल्यास ना गं?" हो म्हटलं.

खोटं बोलणं इतकं सोपं असतं? माझं दूध तसंच झाकून ठेवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शेट येऊन गेले. आवाज स्वयंपाकघरापर्यंत. "शुक्रवार तक. नहीं तो मेरी फॅक्टरी की एक भी गाडी इधर नहीं आयेगी." त्यांच्या कारखान्याचे टेम्पो, फोर्कलिफ्ट, सगळं आमच्याकडे. ते गेलं तर वर्कशॉपला कुलूपच.

शेट गेल्यावर हे मंगळ्यावर घसरले. "वायर तू नेलीस ना खालून? मग काय ओढलंस?"

"दादा, मी पट्टीला हात पन नाय लावला."

"म्हणजे सीट भुताने बिघडवली?"

मंगळ्या अकरा वर्षं आहे आमच्याकडे. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरून रोज येतो, वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा इथे कोणी नाही. यांनीच शिकवलंय, यांनाच ठाऊक आहे.

देवापुढे बसले. ओठ हलत होते, आत काही नव्हतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचं लिहिताना लाज वाटते. तरी लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार?

दुपारी चहा घेऊन गेले. हे दाराशी फोनवर. मंगळ्या गाडीत आडवा, हात खांद्यापर्यंत सीटखाली. बाहेर आला, हात पँटला पुसला, चहा घेतला. हे फोन ठेवून आत आले. तेव्हा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं.

"वयनी, दसऱ्याला गाडीजवळ कोन आलेला काय?"

किती सरळ प्रश्न! हो, मी आले होते. एवढंच तर म्हणायचं होतं.

"मला काय माहीत? मी घरात होते," मी म्हणाले. माझाच आवाज. खणखणीत!

"तिला कशाला विचारतोस?" हे भडकले. "हात तुझा गेला होता खाली. चूक कबूल करायची सोडून बायकांवर ढकलतोस? उद्यापासून येऊ नकोस. खरं बोलायचं असेल तेव्हा ये."

मंगळ्या माझ्याकडे बघत होता. मी ट्रेवरच्या फुलांकडे. त्याने चहा संपवला, कप नळाखाली विसळून ट्रेमध्ये ठेवला. गळ्यातला टेस्टर काढून खिळ्याला अडकवला. सायकल घेऊन गेला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सीट चालली! यांनी सकाळपासून तीस वेळा बटण दाबलं. तीसही वेळा नीट.

सुपारी पट्टीतून निसटली असणार. बाप्पाने ऐकलं! उद्या संकष्टीच आहे. अकरा मोदक करीन.

आता हे मंगळ्याला बोलावतील.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी

बोलावलं नाही. म्हणाले, "बघितलंस? सापळ्यात आला तसं गुपचूप नीट केलंन आणि गेला. म्हणजे त्यानेच बिघडवलं होतं." शेट गाडी नेताना खूश. "जादूगर छो तमे, बळवंतभाई!" पेढ्यांचा पुडा देऊन गेले.

म्हणजे माझ्या नवसाने मंगळ्या पक्का चोर ठरला.

मोदक वळले. एकाचीही कळी धड आली नाही. नैवेद्य दाखवताना पाटावरच्या गणपतीच्या सुपारीकडे नजर गेली, या डब्यातल्याच चारांतली ती. मान वर करवेना.

११ ऑक्टोबर, शनिवार

नवसी आली, मंगळ्याची बायको. बाजाराला आली होती, पिशवीत नवे तांदूळ. दरवर्षी आणते. यंदाही आणले! घरात घेतलं तरी उंबऱ्याशीच टेकली.

"काम बंद झाला म्हनून नाय आली मी," म्हणाली. "कामाला हायवेवरचा ट्रकवाला बोलावतोय त्याला. तो जात नाय. जेवत बी नाय नीट. म्हनतो, अकरा वरसां एक खिळा घरी नाय नेला, आन दादांनी मला खोटा म्हटला."

मी चहा ठेवला.

"तुमी बोला ना दादांशी. तुमचा ऐकतील. तुमी देवाधर्माच्या."

देवाधर्माच्या! चहा उतू गेला.

"बोलते," म्हटलं. तिने तांदूळ ओतून पिशवी झटकून घेतली. दाराबाहेर जाऊन पुन्हा वळली. "वयनी, उपासाने तोंड उतरलाय तुमचा. जपा."

तांदूळ तसेच परातीत आहेत. हात लावायला धजत नाही. खरं काय ते नऊ दिवस माझ्या तोंडात अडकलंय. दुसऱ्याच्या घरातलं जेवण त्याने थांबवलंय आणि मी मोदक करतेय.

१२ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

सकाळी हे पेपर वाचत होते. मी डबा आणून समोर ठेवला. "मोजा."

"काय?"

"मोजा आधी."

"चार. मग?"

मग सगळं सांगितलं. आत बसले तेही. बुधवारी खोटं बोलले तेही. पेपर खाली आला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. डबा जवळ ओढून पुन्हा एकदा मोजल्या.

"मी तुला हसलो होतो म्हणून?"

मी मान हलवली.

"त्याला मी काय काय बोललो, कीर्ती," एवढंच म्हणाले. मग उठले. "चपला घाल."

स्कूटरवरून मनोर, तिथून पाड्यापर्यंत. मंगळ्या अंगणात खाटेची दोरी ताणत होता. आम्हाला बघून उठला, खाट झटकली. नवसीने पाणी आणलं. यांनी पाण्याचा तांब्या हातात धरूनच सांगितलं, "माझी चूक झाली, मंगळ्या." तीस वर्षांत हे वाक्य मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्यामुळे बोलावं लागलं.

मग मी सांगितलं. एका दमात. मंगळ्या खाली बघून ऐकत होता. मधे काही विचारलं नाही. मला वाटलं, धक्का बसला असेल.

"सुपारी मिळाली काय, दादा?" शेवटी म्हणाला.

"नाही रे. गाडीतच कुठे घरंगळली असेल."

"मिळेल," म्हणाला. "येतो उद्या."

नवसी हसली. "आज जेवल तो!" तिने तिथेच ताट वाढलं, आम्हालाही. चवळीची भाजी आणि त्याच नव्या तांदळाचा भात. मी मागून घेऊन खाल्ला.

येताना किती हलकं वाटलं! उशीर झाला, पण बोलले तर खरं. देवापुढे आज डोळे वर करून बसले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मंगळ्या आला. खिळ्यावरचा टेस्टर गळ्यात घातला. चहा घेऊन गेले. हे बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्याने खिशातून काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून ट्रेमध्ये ठेवलं, अगदी हळू.

वाडीतली. एका अंगाला चपटी, खाचेत कुंकू.

"बुधवारीच मिळाली, वयनी. तुमाला इचारला तवा खिशातच व्हती."