ट्यूबलाइटमागची पाल

सावदा, ता. ४ मार्च २०२४

ती. अक्कास,
तोतारामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्या नातीला, ज्योत्स्नाला, मध्ये घालून सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र. मला एक पाल हवी आहे. हसू नकोस. लता खाटेला खिळली तेव्हा तिच्या खोलीत ट्यूबलाइटमागे एक पाल असायची, तुला आठवत असेल. मी केळीच्या बागेत गेलो की दिवसभर त्या दोघीच घरात. बोलता बोलता पाल चुकचुकली की लता खाटेच्या कडेला टकटक करून माहेरच्या बोलीत ‘खरं शे’ म्हणायची. ती गेल्यावर तुझ्या भाच्याने, तेजसने, घर रंगवलं. तेव्हापासून एकही पाल फिरकत नाही. इथे दोन धरून आणल्या, त्या दोन दिवसांत खिडकीतून निघून गेल्या. तुझ्या देवघरामागे पुष्कळ आहेत. एक पाठव, मी नीट सांभाळीन.

लोभ असू दे, आणि ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे.

तुझा,
तोताराम

धुळे, ता. १२ मार्च २०२४

चि. तोतारामास,
अ. उ. आ.

लोकांचे भाऊ बहिणीकडे शेवया-पापड मागतात, माझा पाल मागतो. सत्तरी उलटल्यावर तुझ्यापायी मी स्टुलावर चढले. स्टीलच्या पेल्याखाली तिला धरलं आणि खालून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला. गडबडीत बिचारीची शेपटी गळून पडली. शेजारचा प्रेमराज केळी बघायला सावद्याला निघालाय, त्याच्याबरोबर डबा देते. झाकणाला भोकं पाडली आहेत. दिवेलागणीला ट्यूबलाइट लावत जा, किडे आले की ती टिकेल.

पण एक विचारते. रंगाने पाली कायमच्या जात नसतात. खरं काय घडलं ते लिही.

लोभ आहेच, पण उत्तर आल्याशिवाय तो वाढणार नाही.

तुझी,
अक्का

सावदा, ता. २ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाल पोचली आणि राहिली. नवी शेपटी फुटते आहे. पण अजून एकदाही बोललेली नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. लताची पाल मी मारली. दिवाळीला महिना होता. लता म्हणाली, यंदाच्या दिवाळीला मी नसणार. तेवढ्यात पाल चुकचुकली आणि लताने सवयीने खाट वाजवली. माझं डोकं फिरलं. केरसुणी उचलली आणि एका फटक्यात पाल खाली पाडली. लता भिंतीकडे तोंड करून निजली. पुढे पंधरा दिवसांनी गेली, तोवर माझ्याकडे नीट वळलीच नाही. तिची दिवसभराची सोबत मी मारली, अक्का.

आता रोज दिवेलागणीला मी मोठ्याने म्हणतो, लता माझ्यावर रागावून गेली नाही. मग वर बघत बसतो. पाल गप्प असते.

तोताराम

धुळे, ता. ९ एप्रिल २०२४

चि. तोतारामास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून फार रडले. लताला दिलेला शब्द आज मोडते आहे. त्याच दिवसांत तिने तुमच्या शेजारच्या बेबाबाईकडून मला एक कार्ड लिहवून घेतलं होतं. तुला कळू द्यायचं नाही असं त्यात बजावलं होतं, म्हणून मी ते पेटीत ठेवलं. त्यात लिहिलंय ते असं:

‘परवा यांनी पाल मारली. माझं बोलणं खरं ठरू नये म्हणून मारली, ते मला कळतं. यांना एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. यांच्याकडे बघितलं की मला रडू येतं, आणि मी रडले की हे जेवत नाहीत. म्हणून भिंतीकडे तोंड करून पडते. माझ्यामागे यांच्याकडे लक्ष ठेवा.’

कार्ड सोबत पाठवते. ते आता तुझं.

आज हे कार्ड ज्योत्स्नाला मोठ्याने वाचून दाखवलं, तेवढं माफ कर. देवघरामागे तीन पाली होत्या, एकही बोलली नाही. मग मीच पाटावर टकटक केलं आणि म्हटलं, खरं शे.

तुझ्या पालीला बसू दे गप्प.

लोभ आहे, तो दोन्ही वेळ जेवून राखावा.

तुझी,
अक्का