कोरडं खरवडलेलं छत

बाबा, कुवेतमधल्या रिग्गईतल्या आमच्या भाड्याच्या घराचं छत तुम्हाला आठवत असेल. लाह्या चिकटवाव्यात तसं दाणेदार, आणि इतकं जुनं की पंखा लावला की पांढरी कणी ताटात पडायची. मी लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा तुम्हाला तिथे रंगकामात बारा वर्षं झाली होती. फरवानियात सहा जणांच्या खोलीत राहायचात आणि शुक्रवारी सुट्टीला माझ्याकडे जेवायला यायचात. एका शुक्रवारी शिडी, खरवडायचा पत्रा आणि फवारणीचा पंप घेऊन आलात, कारण बाळ रांगायला लागायच्या आत छताचा तो दाणेदार थर काढून द्या, असं मीच म्हटलं होतं.

तुमची पद्धत ठरलेली. आधी पाणी मारायचं, ते मुरू द्यायचं, मग पत्र्याने खरवडलं की लगदा सुटून येतो, धूळ उडत नाही. तुम्ही शिडीवर बसून पाणी मुरायची वाट बघताय आणि मी दारात उभी राहून घड्याळ बघतेय. ह्यांचे साहेब संध्याकाळी जेवायला येणार होते आणि लादीभर चिखल झाला होता. उरलेलं कोरडंच काढा, लवकर आटपेल, असं मी म्हणाले.

"कोरडं काढायचं नसतं, बाय. ती धूळ वाईट."

"लोकांच्या घरी दिवसभर राबता, माझ्याच घरी कारणं सांगता."

तुम्ही शिडीवरून उतरलात. बाळाला घेऊन मला शेजारी पाठवलंत, तोंडाला पंचा बांधलात आणि दार आतून लावून घेतलंत. दोन तासांनी उघडलंत तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे झाला होतात. छत गुळगुळीत झालं होतं. साहेबांनी जेवताना एकदाही वर पाहिलं नाही.

पुढे काही वर्षांनी खोकला सुरू झाला आणि तुम्हाला गावी पाठवावं लागलं. ही वर्षानुवर्षांची धूळ आहे, एका दिवसाची नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी किती वेळा स्वतःला ऐकवलं, पण मला ते पटत नाही. बाकीच्या घरांत तुम्ही पाणी मारत होतात.

हे आईला मी कधी सांगितलं नाही. तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर लिहिता येतंय. शेवटचे तीन आठवडे मी गावी तुमच्या खाटेपाशी होते, ते माझं प्रेम म्हणून सगळे सांगतात. पण त्या सकाळी खोकला कायमचा थांबला, तेव्हा आता तो ऐकावा लागणार नाही म्हणून मला आधी बरं वाटलं, बाबा. रडू नंतर आलं.